पारदर्शक लाकडाचा ध्यास आणि बारावीनंतरची शाखा

नमस्कार ताई,

खिडकीच्या काचेला पर्याय म्हणून पारदर्शक लाकूड तयार होतंय, हे वाचल्यापासून बारावीतली तुमची मुलगी ‘मला यातच काम करायचंय’ म्हणते. हे खूळ आहे की खरंच यात काही वाट आहे, असं तुम्ही विचारलंय. वाट नक्की आहे. पण तिने आत्ताच एका वस्तूला धरून बसू नये.

तिला एक करून बघायला सांगा. कागदावर तेलाचा थेंब टाकून तो उजेडासमोर धरायचा. डागातून उजेड जास्त येतो, कारण तंतूंमधल्या हवेची जागा तेलाने घेतलेली असते आणि प्रकाश विखुरणं कमी होतं. लाकडाचंही असंच आहे. आधी त्यातलं लिग्निन, म्हणजे तंतूंना जोडून ठेवणारं रंगीत द्रव्य, काढतात किंवा रंगहीन करतात, मग पोकळ पेशींत पॉलिमर, म्हणजे प्लास्टिकसारखं पारदर्शक द्रव्य, भरतात. लाकडाच्या तंतूंतल्या सेल्युलोजचा अपवर्तनांक (पदार्थात शिरताना प्रकाश किती वळतो त्याचं माप) साधारण १.५३, अ‍ॅक्रिलिक या पॉलिमरचा १.४९. हे आकडे जवळचे असल्यानेच प्रकाश कमी विखुरतो, जोडी जुळते ती इथे. जर्मनीचे शास्त्रज्ञ सीगफ्रीड फिंक यांनी १९९२ मध्ये हे केलं ते लाकडाची आतली रचना पाहण्यासाठी. इमारतींसाठीचा विचार २०१६ च्या सुमारास स्टॉकहोमच्या केटीएच या तंत्रविद्यापीठातून आणि अमेरिकेच्या मेरीलँड विद्यापीठातून पुढे आला. काचेपेक्षा यातून उष्णता बरीच कमी वाहते, म्हणून घर गरम किंवा थंड ठेवायला वीज कमी लागेल ही आशा.

अडचणीही तिला स्पष्ट सांगा. उजेड आत येतो, पण पलीकडचं धूसर दिसतं. जाडी वाढली की पारदर्शकता घटते. आणि भरलेला पॉलिमर बहुधा खनिज तेलापासूनचा, म्हणजे ‘हिरव्या’ वस्तूत प्लास्टिक आलंच. केटीएचच्या गटाने २०२१ मध्ये संत्र्याच्या सालीतल्या लिमोनीन या द्रव्यापासून अशा पॉलिमरला पर्याय बनवला. मला स्वतःला सगळ्यात मोलाचं वाटतं ते हे काम, आणि ते रसायनशास्त्राचं आहे.

म्हणून पदवीला रसायनशास्त्र, पॉलिमर किंवा मटेरियल सायन्स (वेगवेगळ्या साहित्याची रचना आणि गुणधर्म यांचं शास्त्र) घ्यावं, भौतिकशास्त्र सोडू नये. लाकूड हा विषय पदव्युत्तर संशोधनात निवडता येईल. तोवर तिचं मन बॅटरीकडे किंवा पॅकेजिंगकडे वळलं, तरी हाच पाया कामी येईल. नुसत्या आर्किटेक्चरला गेली तर ती हे साहित्य वापरेल. ते घडवायचं असेल तर प्रयोगशाळेत तासन्‌तास उभं राहायची तयारी हवी. ती आहे का, हे तिच्याशी शांतपणे बोला.

कागदाचा प्रयोग झाला की तिला पडलेले प्रश्न तिलाच लिहून पाठवू दे. शाखेचं आपण त्यावरून ठरवू.