नकार येत असताना नोकरीचे अर्ज चालू ठेवताना
सलग नकार आले की आपल्यातच खोट आहे असं वाटायला लागतं. तसं मानू नकोस. आधी नकार कुठल्या टप्प्यावर येतोय ते बघ. मुलाखतीचं बोलावणंच येत नसेल, तर रेझ्युमे बदल: जाहिरातीत मागितलेली आणि तुला खरंच येणारी कौशल्यं पहिल्या अर्ध्या पानात दिसली पाहिजेत. मुलाखतीनंतर नकार येत असेल, तर रेझ्युमे राहू दे, उत्तरं मोठ्याने बोलून सराव कर.

सुरुवातीला हमखास होणाऱ्या चुका:
- सगळीकडे एकच रेझ्युमे पाठवणं
- एका निकालाची वाट बघत बाकीचे अर्ज थांबवणं (ही सगळ्यात महागात पडते)
- अर्जांची नोंद न ठेवणं

पगाराच्या वाटाघाटी वगैरे नंतर बघू. आज फक्त वही उघड आणि आतापर्यंतचे नकार टप्प्यानुसार लिहून काढ.