हाक एकदाच, खाऊ लगेच
वाचकांचे प्रश्न : घरातला कुत्रा

प्रश्न : आमचा लॅब्रॅडॉर दहा महिन्यांचा आहे. घरात ‘ये’ म्हटलं की धावत येतो, पण वेताळ टेकडीवर पट्टा सोडला की ढुंकून बघत नाही. पंधरा-वीस मिनिटं मागे पळावं लागतं. आला की चांगलं खडसावतो, तरी दुसऱ्या दिवशी तेच. (कोथरूड)

उत्तर : आल्यावर त्याच्या पदरात काय पडतं ते बघा. ओरडा बसतो, पट्टा अडकतो आणि फिरणं संपतं. तुम्ही रागावता ते त्याने पळवलं म्हणून. पण कुत्रा शिक्षेची सांगड लावतो ती अगदी आत्ता केलेल्या गोष्टीशी, आणि आत्ता तो तुमच्याजवळ आलेला असतो. म्हणजे टेकडीवर जवळ येऊ नये, हे तुम्हीच त्याला रोज शिकवताय. शिवाय दहा महिने म्हणजे ऐन वयात आलेला कुत्रा. या वयात बाहेरच्या वासांची ओढ फार असते.

जुना ‘ये’ आता नासला आहे, तो सोडून द्या. ‘इकडे’ किंवा शिट्टी असा नवा इशारा घ्या आणि घरातल्या सगळ्यांनी तोच वापरा. पहिला आठवडा घरातच. शब्द एकदा उच्चारा आणि तो जवळ पोचताक्षणी, एका सेकंदाच्या आत, वाटाण्याएवढा खाऊ द्या. पाऊच उघडून पिशवीत हात घालेपर्यंत तो खाली बसलेला असतो किंवा दुसरीकडे बघत असतो. मग बक्षीस त्या गोष्टीचं होतं. म्हणून खाऊ आधीच मुठीत हवा. एका वेळी दहा हाका, दिवसातून दोनदा, पाच मिनिटांत आटपा. त्याला कंटाळा येण्याआधी थांबा.

खाऊ देताना दुसऱ्या हाताने गळपट्टा धरा आणि सोडून द्या. क्रम महत्त्वाचा : आधी गळपट्ट्याला हात, मग खाऊ. बरेच कुत्रे हातभर अंतरावर येऊन थांबतात ते पट्टा पकडला जाईल या धास्तीने, आणि ती याच सरावाने जाते.

मग जिना, सोसायटीचं पार्किंग, पहाटेची रिकामी गल्ली आणि सगळ्यात शेवटी टेकडी. बाहेर दहा मीटरची लांब दोरी लावा. ती हार्नेसला, म्हणजे छातीभोवतीच्या पट्ट्याला बांधा, गळपट्ट्याला नाही, कारण धावता धावता दोरी संपली तर झटका मानेला बसतो. नायलॉन हाताला कापतं, सुती निवारपट्टी बरी. एका हाकेला आला नाही तर दुसरी मारू नका. चार हाका ऐकायची सवय लागली की पहिल्या तीन म्हणजे नुसता आवाज. दोरी हलकेच गोळा करत जवळ जा, अंतर कमी करा आणि तिथून पुन्हा सुरुवात करा. नव्या ठिकाणी सोपं काम आणि भारी खाऊ, हे प्रमाण लक्षात ठेवा. घरात गाजर चालतं. टेकडीवर उकडलेली कोंबडीच लागते.

सगळ्यात जास्त चुकतं ते पुढे. तो आला की दहांतल्या नऊ वेळा खाऊ देऊन ‘जा’ म्हणा आणि पुन्हा हुंगायला सोडा. हाक म्हणजे मजा संपली, हा त्याचा समज मोडायलाच हवा. आणि टेकडीवर दोरी कायमच राहू द्या. तिथे मोर आहेत, जमिनीवर घरटी करणारे पक्षी आहेत. कुत्रा कितीही गुणी असला तरी त्यांच्यावर सोडायचा नसतो.

प्रश्न : घर पूर्ण शाकाहारी आहे. बक्षीस म्हणून काय द्यावं? सध्या ग्लुकोज बिस्किट देतो. (सदाशिव पेठ)

उत्तर : बिस्किटात साखर आणि मैदा, दुसरं काही नाही. पनीरचे बारीक तुकडे, उकडलेलं रताळं, गाजर, काकडी, किंवा त्याच्याच रोजच्या कोरड्या खाण्यातले दाणे चालतात. बक्षिसाचा सगळा खाऊ मिळून दिवसाच्या आहाराच्या दहा टक्क्यांवर जाऊ नये. तेवढं जेवण कमी करा. द्राक्षं, बेदाणे, चॉकलेट, कांदा, लसूण आणि झायलिटॉल (साखरेऐवजी वापरतात तो गोड पदार्थ) असलेलं शुगर-फ्री च्युइंगम विषारी, कौतुकाने एक तुकडासुद्धा नाही. बाकरवडीही नको, कितीही आशेने बघत असला तरी.

प्रश्न : ट्रेनर म्हणतात, ‘कुत्र्याला मालक कोण ते कळलं पाहिजे.’ चोक चेन (ओढली की गळ्याभोवती आवळणारी साखळी) घालून झटके देतात, गुरगुरला तर उताणा पाडून दाबून धरतात. दोन आठवड्यांत शांत झाला आहे. हे योग्य आहे का? (हडपसर)

उत्तर : नाही. तो शांत झालेला नाही, गप्प झाला आहे. गुरगुरणं ही सूचना असते. ती मारून बंद केली की भीती आत तशीच राहते आणि पुढच्या वेळी कुत्रा न गुरगुरता थेट चावतो. ‘अचानक चावला’ म्हणून सांगितल्या जाणाऱ्या बऱ्याच प्रकरणांत आधीच्या सूचना अशाच कोणीतरी दाबलेल्या असतात. चोक चेनच्या झटक्याने श्वासनलिकेला इजा होऊ शकते, हे वेगळंच.

‘मालक कोण’ यामागची ‘कळपाचा म्होरक्या’ ही कल्पना लांडग्यांवरून आली. १९४७ साली प्राण्यांच्या वर्तनाचे अभ्यासक रुडॉल्फ शेंकेल यांनी बंदिस्त जागेत ठेवलेल्या लांडग्यांची भांडणं नोंदवली. लांडग्यांचे अभ्यासक डेव्हिड मीच यांच्या १९७०च्या पुस्तकाने ती कल्पना जगभर पोचली. पण रानातल्या लांडग्यांचा पुढे अभ्यास करून त्याच डेव्हिड मीच यांनी १९९९मध्ये लिहिलं, की नैसर्गिक कळप म्हणजे बहुधा आईबाप आणि त्यांची पिल्लं, एक कुटुंब. तिथे सत्तेसाठी रोजच्या मारामाऱ्या नसतात. आणि तुमचा कुत्रा तर लांडगाही नाही.

नव्या ट्रेनरला तीन गोष्टी विचारा : कुत्र्याचं बरोबर आलं तर काय करता, चुकलं तर काय करता, आणि शिकवताना मी समोर बसू का? तिसऱ्याला ‘नको’ आलं तर पैसे देऊ नका. ‘महिनाभर आमच्याकडे सोडा, शिकवून परत देतो’ हेही टाळा. विश्वास तुमच्याशी जुळायला हवा, त्यांच्याशी जुळून उपयोग नाही.

प्रश्न : रस्त्यावरून आणलेली कुत्री खाताना जवळ गेलं की गुरगुरते. घरात चार वर्षांचा नातू आहे. ‘ताट काढून घेत जा, म्हणजे सवय होईल’ असं शेजारी सुचवतात. (वारजे)

उत्तर : ताट काढून घेतलं की ‘हे माझं खाणं हिसकावणार’ ही तिची शंका खरी ठरते. आजपासून ती बंद दाराआड जेवेल आणि नातू त्या खोलीत जाणार नाही. हा नियम कायमचा, पुढचा सराव मोठ्यांनीच करायचा.

ती खात असताना जिथून गुरगुरत नाही तेवढ्या अंतरावरून, समजा अडीच मीटरवरून, चालत जा. जाताना तिच्या थाळीपेक्षा चविष्ट काही, म्हणजे पनीर किंवा अंडं, तिच्याकडे टाका आणि न थांबता पुढे व्हा. जेवणागणिक चार-पाच फेऱ्या. तुम्हाला पाहून ती मान वर करून वाट बघू लागली, की पाऊलभर अंतर कमी करा. अंग ताठ झालं, खाण्याचा वेग वाढला, डोळ्यांचा पांढरा भाग दिसू लागला, तर मागे या.

दात लागलेच तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवा आणि लगेच डॉक्टरांकडे जा. त्यानंतर घरचे प्रयोग थांबवा. आधी पशुवैद्यांकडून दुखणंखुपणं तपासून घ्या.

प्रश्न : गणपतीत ढोल सुरू झाले की आमचा कुत्रा पलंगाखाली थरथरतो. जवळ घेतलं तर भीती वाढते म्हणतात, खरं का? (नारायण पेठ)

उत्तर : खरं नाही, खुशाल जवळ घ्या. भीती ही काही खाऊसाठी केलेली युक्ती नव्हे, की धीर दिल्याने तिला चटक लागेल.

मोबाइलवर ढोलाचं रेकॉर्डिंग लावून सवय करतात, पण छोट्या स्पीकरमधून ढोलाची छातीत जाणवणारी थरथर येत नाही. पुण्यात सोय अशी, की पथकांचा सराव उत्सवाच्या कितीतरी आधी नदीपात्रात सुरू होतो. आवाज जेमतेम ऐकू येईल इतक्या लांब उभे राहा. ढोल वाजला की लगेच खाऊ, ढोल थांबला की खाऊ बंद. खाऊ आधी आणि आवाज मागून, असं उलटं झालं तर खाऊ दिसताच कुत्रा घाबरू लागतो. दहा मिनिटं पुरेत. जांभया, ओठ चाटणं, शेपूट पोटाखाली किंवा खाऊ नाकारणं दिसलं, तर जागा फार जवळची आहे.

विसर्जनाच्या दिवशी सराव नको. आतली खोली, बंद खिडक्या, पंखा. भीती फार असेल तर पशुवैद्यांना महिनाभर आधी भेटा. नुसती गुंगी आणणाऱ्या गोळीने शरीर सुस्त होतं, भीती जात नाही. म्हणून भीतीवरचंच औषध विचारा. दिवाळीतही तेच कामी येईल.

प्रश्न : नऊ आठवड्यांचं पिल्लू आहे. लसी पूर्ण होईपर्यंत बाहेर नेऊ नका म्हणतात. मग रस्त्याची ओळख कधी करून द्यायची? (सिंहगड रस्ता)

उत्तर : आत्ताच. साधारण तिसऱ्या ते चौदाव्या आठवड्यापर्यंत पिल्लू नव्या गोष्टी सहज स्वीकारतं, आणि लसी संपेपर्यंत हा काळ जवळपास सरतो. जमिनीवर ठेवू नका, अनोळखी कुत्र्यांपासून लांब ठेवा, पण कडेवर किंवा पिशवीत घेऊन रोज बाहेर पडा. रिक्षा, हेल्मेट घातलेली माणसं, रेनकोट, छत्र्या, कुकरची शिट्टी, भाजीवाल्याची आरोळी : दिवसाला दोन-तीन नव्या गोष्टी आणि प्रत्येकीबरोबर एक दाणा. पिल्लाने दाणा घेतला नाही, तर त्या दिवशी तिथूनच परत फिरा.