वाचकांचे प्रश्न : बाहेरच्या भिंतीला काय लावावं?

प्रश्न : आम्ही लातूरचे. धाकट्या भावाची नोकरी दापोलीला. समुद्रापासून दीडेक किलोमीटरवर तो घर बांधतोय. जांभ्याच्या भिंती उभ्या राहिल्यात. गुत्तेदार बाहेरून एसीपी (ॲल्युमिनियम-प्लास्टिकचे पत्रे) लावा म्हणतो, दुकानदार डब्ल्यूपीसी (लाकडाचा भुसा आणि प्लास्टिक मिसळून केलेल्या पट्ट्या) दाखवतो, कुणी फायबर सिमेंट बोर्ड सुचवतं. टिकेल असं काय?
(एक वाचक, लातूर)

उत्तर : लातूरच्या अनुभवावर हा निर्णय घेऊ नका. आपल्याकडे वर्षाला सातशे-आठशे मिलिमीटर पाऊस, तिकडे तीन हजारांच्या वर. तोही वाऱ्याबरोबर आडवा, मुख्यतः पश्चिम आणि नैर्ऋत्येकडून, आणि हवेत खार.

कोकणातली जुनी घरं पावसाळ्यापुरते पश्चिमेच्या भिंतीपुढे झावळ्यांचे झाप उभे करायची. मार झाप खायचा. मधे हवा खेळती असल्यानं भिंत ओलसर झालीच तरी सुकायची. क्लॅडिंगनं, म्हणजे भिंतीवरच्या बाहेरच्या आवरणानं, हेच काम करायचं असतं. फळी भिंतीला चिकटवून लावली, तर आत गेलेलं पाणी तिथंच मुरतं. आणि पाणी आत जातंच; सीलंट कितीही भारी लावा.

आमची निवड फायबर सिमेंटच्या फळ्या, ८ मिलिमीटर जाडीच्या. वाळवी लागत नाही, जळत नाहीत, खाऱ्या हवेनं गंजत नाहीत. घेताना आयएस १४८६२ हा भारतीय मानकाचा क्रमांक आणि त्यापुढे ‘टाइप ए’ लिहिलंय का ते पाहा. टाइप बी आतल्या कामाचा, म्हणजे पार्टिशन आणि छताचा. तो स्वस्त पडतो म्हणून बाहेरही ठोकला जातो आणि मग कडा फुगून पापुद्रे सुटतात.

आधी भिंतीला १२ ते १५ मिलिमीटरचा १:४ (सिमेंट, वाळू) गिलावा करून घ्या. बोर्ड लावायचाय म्हणून गिलावा वाचवणं महागात पडतं. त्यावर दर ६० सेंटीमीटरवर पट्ट्या, आणि त्या उभ्याच. आडव्या पट्टीवर पाणी अडतं. पट्टीची जाडी २५ मिलिमीटर, तेवढीच मागे पोकळी. पोकळी वर आणि खाली उघडी, तोंडाला किड्यांसाठी जाळी. जांभा मऊ असतो, तेव्हा ड्रिलचा हॅमर बंद ठेवूनच भोक पाडायला सांगा. नाहीतर भोक मोठं होऊन स्क्रूची प्लास्टिकची गिट्टी सैल बसते.

फळ्या खालून वर लावत जायच्या, वरची खालचीवर ३० मिलिमीटर चढवून. पहिली फळी जमिनीपासून किमान १५ सेंटीमीटर वर. कापलेली प्रत्येक कड लावण्यापूर्वीच प्रायमरमध्ये भिजली पाहिजे. सगळ्यांत जास्त चुका इथंच होतात, कारण फळी लागल्यावर ती कड दिसत नाही, आणि पाणी शोषते तीच. कापताना उडणारी धूळ फुप्फुसाला वाईट. मास्कशिवाय कापू देऊ नका.

९ मीटर लांब, ३ मीटर उंच भिंतीचा हिशेब देतो. फळी ३ मीटर लांब, २० सेंटीमीटर रुंद धरू. चढाव जाऊन १७ सेंटीमीटर उघडी राहते, म्हणजे १८ ओळी. ओळीला ३ याप्रमाणे ५४ फळ्या, तुटफूट धरून ६०. पट्ट्या १६. ६० सेंटीमीटरचे पाच खण म्हणजे बरोबर ३ मीटर, त्यामुळे प्रत्येक जोड पट्टीवरच येतो; तिथं ३ मिलिमीटर फट ठेवून सीलंट भरा. स्क्रू साडेतीनशे आणा.

स्क्रूवर मात्र काटकसर नको. दुकानात ‘एसएस’ (स्टेनलेस स्टील) म्हणून मिळतो तो बहुतेक ३०४ प्रतीचा असतो. समुद्राजवळ त्यावर चहाच्या डागांसारखे तपकिरी ओघळ येतात. तुम्हाला ३१६ हवा. चुंबकानं यातला फरक कळत नाही. चांगल्या स्क्रूच्या डोक्यावर खूण असते : ए२ म्हणजे ३०४, ए४ म्हणजे ३१६. पट्ट्या ॲल्युमिनियमच्या असतील तर स्क्रूखाली नायलॉनचा वॉशर घाला. खाऱ्या ओलाव्यात स्टील आणि ॲल्युमिनियम एकमेकांना टेकले की ॲल्युमिनियम खाल्लं जातं. छताचे पातळ जीआय (जस्ताचा मुलामा दिलेले लोखंडी) सेक्शन भिंतीवर चालणार नाहीत, गुत्तेदार कितीही चालतात म्हणाला तरी.

एसीपी म्हणजे ॲल्युमिनियमच्या दोन पातळ पत्र्यांमधे प्लास्टिक. कापलेल्या कडेतून खार शिरतो, आणि साधा गाभा पेट घेतो. दुकानाच्या दर्शनी भागाला ठीक, राहत्या घराला आम्ही सुचवणार नाही. डब्ल्यूपीसीबद्दल खाली तिसऱ्या उत्तरात.

पैसे कमी असतील तर चारी बाजू झाकू नका. पश्चिम आणि दक्षिण पुरे. त्याआधी छपराचा पुढावा तीन फूट आहे का ते बघा. तो नसेल तर आधी त्यावर खर्च करा. काम दिवाळीनंतर सुरू करून एप्रिलपर्यंत संपवा. आणि पावसाळ्यानंतर भिंत गोड्या पाण्यानं धुवा, विशेषतः पुढाव्याखालची. पाऊस तिथं पोचत नाही, म्हणून खार सगळ्यांत जास्त तिथंच साठतो.

प्रश्न : घर वीस वर्षांचं, वीट-सिमेंटचं, काळ्या रानातल्या प्लॉटवर. बाहेरच्या भिंतीचा खालचा दोन फूट गिलावा दर वर्षी फुगतो, पोपडे पडतात, पांढरी भुकटी येते. गवंडी म्हणतो, ग्रॅनाइट लावून टाका, दिसणारच नाही.
(एक वाचक, परभणी)

उत्तर : दिसणार नाही हे खरं. पण हा लोणा आहे. जमिनीतलं पाणी विटांतून क्षार घेऊन वर चढतं, पृष्ठभागावर सुकतं, आणि क्षारांचे स्फटिक गिलाव्याला आतून ढकलतात. वाळण्याची जागा ग्रॅनाइटनं बंद केलीत, तर पाणी वर सरकेल. आज दोन फुटांवर असलेली रेघ चार फुटांवर दिसेल, कदाचित आतल्या खोलीत.

आधी कारण शोधा. रस्ता किंवा अंगण भर घालून उंच झालंय का? जोत्यावरचा ओल अडवणारा थर मातीखाली गेला असेल तर तो निरुपयोगी. न्हाणीची कुंडी, गच्चीचा पाइप भिंतीशीच सुटतो का? माती उकरून जोतं मोकळं करा आणि भिंतीलगत तीन फूट रुंद फरशी, फुटाला पाव इंच उतार बाहेरच्या बाजूला.

मग फेब्रुवारीत ओलीच्या रेघेच्या वर एक फुटापर्यंत गिलावा काढा, सांधे पाऊण इंच खरवडा. भुकटी कोरड्या ब्रशनं झाडा. पाण्यानं धुतलीत तर ती विरघळून परत विटेत जाते. मेअखेरपर्यंत भिंत उघडी ठेवा. शेजारी विचारतील काम का थांबलंय, थांबू द्या. आपला उन्हाळा या कामाला फुकटात मिळतो.

ओल अडवणारा थर मुळात नसेलच, तर जमिनीपासून १५ सेंटीमीटर वरच्या सांध्यात, दर १२ सेंटीमीटरला १२ मिलिमीटरचं भोक पाडून त्यात सिलेनचं, म्हणजे पाणी अडवणाऱ्या रसायनाचं, क्रीम भरतात. नवा गिलावा १:१:६, म्हणजे सिमेंट, चुना, वाळू. निव्वळ सिमेंटपेक्षा यातून ओल सहज बाहेर पडते. पाणी बोअरचं वापरणार असाल तर आधी तपासून घ्या. क्षार बाहेर काढून बोअरच्या पाण्यातून पुन्हा आत घालण्यात अर्थ नाही. ऑइलपेंट तर अजिबात नको.

प्रश्न : पश्चिमेच्या दर्शनी भागाला लाकडासारख्या डब्ल्यूपीसी पट्ट्या लावल्या. पहिल्याच उन्हाळ्यात मधून फुगून बाहेर आल्या. माल खोटा का?
(एक वाचक, धाराशिव)

उत्तर : माल आतल्या कामाचा असण्याची शक्यता आहे, पण बसवण्यातही चूक दिसते. यात प्लास्टिक असतं. साधं पीव्हीसी धरलं तरी ३ मीटरची पट्टी पहाटेच्या थंडीपासून दुपारच्या तापापर्यंत, ४० अंशांच्या फरकात, ७ ते ८ मिलिमीटर वाढते. दोन्ही टोकं भिंतीत आवळली असतील तर ती वाढ मधूनच बाहेर येणार. पट्ट्या उतरवा, टोकाला १० मिलिमीटर जागा सोडा, मधल्या एका स्क्रूशिवाय बाकी भोकं लांबट करा आणि स्क्रू पूर्ण आवळू नका. गडद रंग जास्त तापतो. बदलायच्याच असतील तर फिकट घ्या, आणि पावतीवर ‘बाहेरील वापरासाठी’ असं लिहून घ्या.