वाचकांचे प्रश्न: कोणत्या अ‍ॅपवर भरवसा ठेवायचा?

या महिन्यात ठाणे आणि नवी मुंबईतून आलेल्या पत्रांमध्ये बहुतेकांनी एकच विचारलं आहे: अमुक अ‍ॅप चांगलं का? आम्ही अशा वेळी आधी एक गोष्ट तपासतो. उद्या ती कंपनी विकली गेली, तिच्याकडे चोरी झाली किंवा कोर्टाने तिच्याकडे माहिती मागितली, तर तुमचं काय काय तिच्या हाती असेल? पुढची सगळी उत्तरं याच अंगाने दिली आहेत.

ऐरोलीत पीजीमध्ये राहते. वाय-फाय घरमालक काकांचं आहे. मैत्रिणीने एक फुकट व्हीपीएन टाकून दिलं. रेटिंग ४.७ आहे, डाउनलोडही भरपूर. ठेवू का?

काढून टाका.

आज काकांच्या राउटरला आणि त्यामागच्या ब्रॉडबँड कंपनीला तुम्ही कोणत्या साइटवर गेलात एवढं कळू शकतं. पत्ता एचटीटीपीएसने सुरू होत असेल, तर आत काय वाचलं, काय टाइप केलं हे त्यांना दिसत नाही. व्हीपीएन म्हणजे तुमचं इंटरनेट दुसऱ्या कंपनीच्या सर्व्हरमधून नेणारी सेवा. ते लावलं की ही नजर तिथून उठते आणि व्हीपीएन कंपनीकडे जाऊन बसते. म्हणजे काकांपेक्षा ही अनोळखी कंपनी तुम्हाला जास्त भरवशाची वाटते का, हे तुम्ही ठरवायचं आहे. गुगलला किंवा इन्स्टाग्रामला तुम्ही लॉगिन करूनच भेटता, त्यांच्यापासून व्हीपीएन काहीच लपवत नाही.

सर्व्हर चालवायला पैसे लागतात, ते कुठून येतात ते बघा. फेसबुकने २०१३ मध्ये ओनावो ही कंपनी विकत घेतली. तिचं फुकट व्हीपीएन ‘तुमचा डेटा सुरक्षित ठेवतो’ असं सांगायचं आणि लोक कोणती अ‍ॅप किती वापरतात याची माहिती फेसबुककडे जायची. २०१८ मध्ये ते अ‍ॅपलच्या स्टोअरवरून उतरवावं लागलं, २०२३ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या कोर्टाने २ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड केला. त्याचेही डाउनलोड भरपूरच होते. ‘टॉप टेन व्हीपीएन’ छापाच्या साइटवरही विसंबू नका: केप टेक्नॉलॉजीज या कंपनीकडे अनेक व्हीपीएन आहेत आणि २०२१ मध्ये तिने व्हीपीएनची परीक्षणं छापणाऱ्या साइटही विकत घेतल्या. प्ले स्टोअरवरचा ‘डेटा सेफ्टी’चा रकानाही अ‍ॅप बनवणाऱ्यानेच भरलेला असतो.

मग तपासायचं काय? अ‍ॅपचा सोर्स कोड खुला आहे का. बाहेरच्या संस्थेने केलेलं ऑडिट तारखेसह पूर्ण वाचायला ठेवलं आहे का. आणि सरकारी मागणी आली तेव्हा प्रत्यक्षात काय घडलं. स्वीडनच्या मलवाड या व्हीपीएन कंपनीच्या कार्यालयात एप्रिल २०२३ मध्ये पोलीस झडतीचं वॉरंट घेऊन आले आणि रिकाम्या हाताने परतले, कारण ग्राहकांची हवी ती माहिती तिथे साठवलेलीच नव्हती. तिथे खातं म्हणजे नुसता एक आकडा, ईमेलसुद्धा मागत नाहीत; महिन्याला ५ युरो पडतात. फुकटातच हवं असेल तर प्रोटॉन व्हीपीएन घ्या. त्याला डेटाची मर्यादा नाही, पण एका वेळी एकच उपकरण चालतं आणि देश आपल्याला निवडता येत नाही. पैसे देणाऱ्या ग्राहकांच्या जिवावर ती फुकट सेवा चालते, हे उघड आहे म्हणून आम्हाला ती पटते. याच कंपनीने २०२१ मध्ये स्विस सरकारच्या आदेशावरून तिच्या ईमेल सेवेच्या एका ग्राहकाचा आयपी पत्ता (इंटरनेट जोडणीचा क्रमांक) नोंदवून दिला होता, हेही ध्यानात असू द्या. कंपनी तिच्या देशाच्या कायद्याबाहेर नसते.

आपल्याकडे सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या आदेशाप्रमाणे व्हीपीएन कंपन्यांनी ग्राहकांचं नाव, पत्ता, आयपी अशा नोंदी ५ वर्षं ठेवायच्या आहेत. त्यामुळे बऱ्याच नावाजलेल्या कंपन्यांनी भारतातले सर्व्हर हलवले. व्हीपीएनच्या देशांच्या यादीत ‘इंडिया’ दिसलं तरी सर्व्हर सिंगापूरला किंवा त्याहून लांब असू शकतो, म्हणून वेग पडतो. बँकेचं अ‍ॅप अडून बसलं तर तेवढ्यापुरतं व्हीपीएन बंद करा. बँकेच्या अ‍ॅपला स्वतःचं एन्क्रिप्शन असतं, म्हणजे माहिती वाटेत कोणाला वाचता येत नाही.

वय ७१, नौपाडा. सगळे पासवर्ड डायरीत लिहितो. मुलगा म्हणतो, बाबा, ती डायरी फाडा आणि पासवर्ड मॅनेजर घ्या. कोणता घेऊ?

डायरी फाडू नका. कपाटातली डायरी चोरायला चोराला नौपाड्यात यावं लागतं. पासवर्ड चोरणारे बहुतेक जण घराच्या जवळपासही नसतात. धोका डायरीत नाही, एकच पासवर्ड पाच ठिकाणी लावण्यात आहे. एका दुकानाच्या साइटवरून तो फुटला की तोच तुमच्या ईमेलवर लावून पाहिला जातो.

तरी मॅनेजर, म्हणजे सगळे पासवर्ड कुलपात ठेवून योग्य साइटवर स्वतः भरणारा प्रोग्रॅम, घ्याच, कारण तो खोट्या साइटवर पासवर्ड भरत नाही. बँकेसारखं दिसणारं पान आपल्या डोळ्यांना फसवतं, पण पत्ता एका अक्षराने जरी वेगळा असला तरी मॅनेजर तिथे पासवर्ड सुचवत नाही. तो गप्प राहिला तर आपणही हाताने भरू नये. आमची पसंती बिटवॉर्डनला: कोड खुला, फुकट आवृत्ती पुरेशी, फोन आणि कॉम्प्युटर दोन्हींवर चालतो.

त्याचा मास्टर पासवर्ड (बाकी सगळे उघडणारा) मात्र भक्कम हवा. २०२२ मध्ये लास्टपास या मॅनेजरच्या ग्राहकांचे पासवर्ड ठेवलेल्या तिजोऱ्यांच्या प्रतीच चोरीला गेल्या. ज्यांचा मास्टर पासवर्ड कच्चा होता त्यांच्या तिजोऱ्या चोरांना निवांत फोडत बसता येतात. म्हणून तो मनाने रचू नका, फाशाने काढा. ल्युडोचा फासा आणि कमीत कमी २१६ पानांचा मराठी शब्दकोश घ्या. फासा पाच वेळा टाका. समजा ३, ५, २, ६, १ पडले. पहिल्या तीन आकड्यांवरून पान काढायचं: पहिल्यातून एक वजा करून ३६ ने गुणा (७२), दुसऱ्यातून एक वजा करून ६ ने गुणा (२४), तिसरा तसाच मिळवा (२). झालं पान ९८. उरलेल्या दोनांवरून शब्द: ६ मधून एक वजा करून ६ ने गुणा (३०), त्यात १ मिळवा. म्हणजे त्या पानावरचा ३१ वा शब्द. पानावर तेवढे शब्द नसतील तर मोजणी पुढच्या पानावर चालू ठेवा. पानांवर ३६ तरी शब्द असतील तर अशा रीतीने ७,७७६ शब्दांतून एक निघतो. पाच शब्द काढले की शक्यता होतात सुमारे २८ वर १८ शून्यं. शब्द आवडला नाही म्हणून बदलायचा नाही. बदलला की ती निवड फाशाची राहत नाही, तुमची होते.

लोक चुकतात ते रोमन लिपीत लिहिताना. ‘विळी’ला शेवटी आय लावला की डबल ई, हे महिन्याभराने आठवत नाही. म्हणून पाचही शब्द ज्या स्पेलिंगने टाइप केले तसेच, शब्दांमध्ये टाकलेल्या जागा किंवा खुणांसकट, कागदावर उतरवा. हा पासवर्ड विसरलात तर बिटवॉर्डनही तो परत देऊ शकत नाही. कागद त्याच डायरीत ठेवला तरी चालेल. टू-स्टेप लॉगिन (पासवर्डनंतर आणखी एक खात्री) लावलंत तर त्याचा रिकव्हरी कोडही शेजारी लिहा आणि डायरी कुठे असते ते मुलाला सांगून ठेवा.

फोनमध्ये प्रायव्हेट डीएनएस लावलं. तेव्हापासून स्टेशनवरच्या फुकट वाय-फायचं ओटीपीचं पान उघडत नाही. (कळवा)

दोष तुमचा नाही. डीएनएस म्हणजे साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणारी यंत्रणा. ते पान दाखवण्यासाठी वाय-फाय तुमची डीएनएसची विचारणा मध्येच अडवून आपल्या पानाकडे वळवतं. तुम्ही ठरावीक सर्व्हरचं नाव भरलं असेल तर फोन दुसऱ्या कोणाचं उत्तर घेत नाही आणि लॉगिनआधी त्या सर्व्हरपर्यंत पोचताही येत नाही. सेटिंग्जमध्ये नेटवर्क, मग प्रायव्हेट डीएनएस, तिथे तात्पुरतं ‘ऑटोमॅटिक’ करा, ओटीपी भरा, पुन्हा आधीचं नाव निवडा. आणि हे लावलं म्हणजे सगळं झाकलं असं धरू नका: जोडणी सुरू होताना साइटचं नाव अजूनही बहुतेक वेळा उघडंच जातं.

घर भाड्याने घेताना एजंट, सोसायटी, झेरॉक्सवाला अशा तिघांना आधार कार्ड व्हॉट्सअ‍ॅप केलं. आता काय करता येईल? (खारघर)

गेलेली प्रत परत येत नाही. ‘डिलीट फॉर एव्हरीवन’ केलं तरी दुकानातल्या कॉम्प्युटरच्या डाउनलोड्स फोल्डरमध्ये फाइल राहते. पण तिचा उपयोग कमी करता येतो.

आधार देणाऱ्या यूआयडीएआय या संस्थेच्या माय आधार पोर्टलवर ओटीपीने लॉगिन करा आणि बायोमेट्रिक लॉक लावा. जमिनीच्या दस्तांवरचे अंगठ्याचे ठसे उचलून, आधार क्रमांकाच्या जोडीने बँक खात्यांतून पैसे काढल्याचे गुन्हे देशात नोंदले गेले आहेत. लॉक असेल तर तो ठसा चालत नाही. फक्त पुढच्या भाडेकराराच्या नोंदणीला जाताना लॉक तात्पुरतं उघडायला विसरू नका. यंत्रावर ३३० क्रमांकाची चूक आली तर तुमचा अंगठा पुसट झालेला नाही, लॉक लागलेलं आहे.

यापुढे त्याच पोर्टलवरून आधार डाउनलोड करताना ‘मास्क्ड’च्या चौकटीत खूण करा, म्हणजे शेवटचे ४ आकडेच दिसतात. जिथे पूर्ण क्रमांकाची कायदेशीर गरज नाही तिथे हीच प्रत द्या, आणि तिच्यावर आडवं लिहा: कशासाठी, कोणाला, कोणत्या तारखेला. पीडीएफला पासवर्ड आहे म्हणून निर्धास्त राहू नका. तो नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरं आणि जन्मसाल असा असतो, आणि भाडेकरूचं नाव, वय एजंटला ठाऊकच असतं.

आणखी एक. दुकानात व्हॉट्सअ‍ॅप वेब उघडून प्रिंट काढली होती का? फोनवर ‘लिंक्ड डिव्हायसेस’ बघा. अनोळखी कॉम्प्युटर दिसला तर त्यावर टॅप करून लॉग आउट करा. तो जोडलेला असेपर्यंत तुमच्या चॅट दुकानात उघडतात.

ब्राउझरमध्ये जाहिराती अडवणारं कोणतं एक्स्टेन्शन (जोड-प्रोग्रॅम) घ्यावं? एकाच नावाची तीन-तीन दिसतात. (वाशी)

यूब्लॉक ओरिजिन. ‘ओरिजिन’ हा शब्द नसलेलं नुसतं यूब्लॉक वेगळं आहे, ते नको. क्रोमवर आता त्याची ‘लाइट’ आवृत्ती मिळते, ती थोडं कमी अडवते. अँड्रॉइडवर पूर्ण आवृत्ती हवी तर फायरफॉक्स घ्या. ब्लॉकर एकच ठेवा, बाकीची काढून टाका. चांगलं एक्स्टेन्शनही विकलं जाऊ शकतं: नॅनो अ‍ॅडब्लॉकर २०२० मध्ये नव्या मालकांकडे गेलं आणि लगेच वापरणाऱ्यांचा डेटा चोरू लागलं.

आमच्या भिशीच्या ग्रुपमधली एक जण सगळ्यांना सिग्नलवर या म्हणते. व्हॉट्सअ‍ॅप पुरेसं नाही का? (नेरूळ)

मेसेज दोन्हीकडे एन्क्रिप्टेडच जातात. फरक आहे तो कंपनीकडे उरणाऱ्या माहितीत. २०१६ मध्ये अमेरिकेत सिग्नलकडे कोर्टाच्या मार्फत एका खात्याची माहिती मागितली गेली तेव्हा देण्यासारख्या दोनच गोष्टी निघाल्या: खातं उघडल्याची वेळ आणि शेवटचं कधी जोडलं गेलं. व्हॉट्सअ‍ॅपकडे याहून बरंच काही असतं. म्हणून आमचा कौल सिग्नलला. पण अख्खी भिशी हलवण्यात महिने जातील, तोवर व्हॉट्सअ‍ॅपवरचं मोठं भोक बुजवा. गुगल ड्राइव्हवर जाणारा चॅटचा बॅकअप आपोआप एन्क्रिप्ट झालेला असेलच असं नाही. सेटिंग्ज, चॅट्स, चॅट बॅकअप, त्यात ‘एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड बॅकअप’ चालू करा. ६४ आकडी किल्ली नको असेल तर पासवर्ड निवडा आणि त्याच वेळी लिहून ठेवा. फोनही हरवला आणि पासवर्डही, तर जुन्या चॅट परत मिळत नाहीत. आणि ग्रुपमधल्या एकीने जरी हे करायचं टाळलं, तर तुमचे मेसेज तिच्या बॅकअपमध्ये उघडे राहतात. म्हणून पुढच्या भिशीला सगळ्यांचे फोन समोर घेऊन एकदमच करून टाका. एका फोनला दहा मिनिटंही लागणार नाहीत.