आरोग्य शंका-समाधान : पेरणीआधी लेहला जायचंय

प्रश्न : धाकटा भाऊ फौजेत आहे, त्याची बदली लेहला झाली. मे अखेरीस आई-बाबांना घेऊन नागपूर-दिल्ली-लेह असे विमानाने जायचे आहे. पेरणी तोंडावर, म्हणून पाचच दिवस. उतरल्याच्या दुसऱ्या दिवशी खारदुंग ला ही खिंड, मग नुब्रा खोरे आणि पँगाँग तलाव असे ठरवले. बाबा ६२ वर्षांचे, बीपीची गोळी सुरू. पण अजूनही दिवसभर वखर धरतात. चिखलदऱ्यालाही काही झाले नव्हते. जमेल ना?
– एक वाचक, ता. घाटंजी, जि. यवतमाळ

उत्तर : जाणे जमेल, हा बेत जमणार नाही. चिखलदरा साधारण १,१०० मीटरवर आहे, लेह ३,५०० मीटरवर. तिथल्या हवेतही प्राणवायू २१ टक्केच असतो, पण हवेचा दाब समुद्रसपाटीच्या दोन तृतीयांशाच्या आसपास, म्हणून प्रत्येक श्वासात तो कमी मिळतो. शरीर भराभर श्वास घेऊन भरपाई करू पाहते. त्यात कार्बन डायऑक्साइड जास्त बाहेर पडतो, रक्त अल्कधर्मी होते आणि मेंदू श्वासाला लगाम घालतो. झोपेत श्वास मध्येच थांबून दचकून जाग येते ती यामुळेच. मूत्रपिंडे रक्तातला हा बिघाड हळूहळू दुरुस्त करतात. त्याला दोन-तीन दिवस लागतात. वखर धरायच्या ताकदीने हे दिवस कमी होत नाहीत. उलट ‘मला काय होते’ म्हणत पहिल्याच दिवशी बाजार पालथा घालणारा धडधाकट माणूसच बरेचदा आडवा होतो.

म्हणून पहिल्या दोन रात्री लेहमध्येच. पहिला दिवस खोलीवर, बॅगाही दुसऱ्याला उचलू द्या. दुसऱ्या दिवशी सपाटीवर थोडे फिरणे. तिसऱ्या दिवशी आल्ची गावाकडे जा. ते लेहपेक्षा खाली आहे. चौथ्या दिवशी सगळे ठीक असतील तर खारदुंग ला (५,३५९ मीटर) पाहून परत या, वर पंधरा-वीस मिनिटांपेक्षा जास्त थांबू नका. पँगाँग विसरा. तिथे ४,२०० मीटरच्या वर मुक्काम पडतो, तो या पाच दिवसांत बसत नाही.

बाबांची बीपीची गोळी एक दिवसही चुकवू नका. डायमॉक्स (अ‍ॅसिटाझोलामाइड) मूत्रपिंडांचे हेच काम लवकर करवते : १२५ मिलिग्रॅम सकाळ-संध्याकाळ, निघण्याच्या आदल्या दिवसापासून पोहोचल्यावर दोन दिवसांपर्यंत. बाजारात २५० ची गोळी मिळते, ती अर्धी करायची. पण आधी डॉक्टरांना दोन गोष्टी सांगा : सल्फाची अ‍ॅलर्जी आहे का, आणि बीपीच्या गोळीत लघवी वाढवणारे औषध आहे का. या गोळीने बोटांना मुंग्या येतात, लघवीला जास्त जावे लागते, घाबरू नका. दारू आणि झोपेच्या गोळ्या नकोत, त्या श्वास मंद करतात. चहा मात्र अचानक बंद करू नका. तलफेने दुखलेले डोके आणि उंचीने दुखलेले डोके ओळखू येत नाही.

प्रश्न : मुलगी सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराची वाहक (एएस) आहे. कॉलेजची सहल लडाखला चालली आहे. पाठवू का?
– एक आई, ता. कुरखेडा, जि. गडचिरोली

उत्तर : आधी तपासणीचा कागद पुन्हा बघा. सोल्युबिलिटी चाचणी फक्त सिकल हिमोग्लोबिन आहे एवढेच सांगते. वाहक की ग्रस्त हे इलेक्ट्रोफोरेसिस या चाचणीवरून कळते. ग्रस्त (एसएस) असेल तर पाठवू नका. वाहकांपैकी बहुतेकांना काही होत नाही, पण प्राणवायू कमी पडला की क्वचित प्लीहेतला रक्तपुरवठा अडतो. डाव्या बरगडीखाली जोराची कळ, ती कधी डाव्या खांद्यापर्यंत जाते, सोबत उलटी. अशा वेळी पोटदुखीची गोळी देत बसू नये. प्राणवायू लावून दवाखाना गाठायचा. डॉक्टरांना विचारून पाठवायचे ठरले तर सहलीच्या शिक्षकांना हे लेखी द्या. मुली लाजेपोटी सांगत नाहीत.

प्रश्न : कापराची पुरचुंडी, ऑक्सिजनचा डबा, बोटाला लावायचे यंत्र, यातले काय न्यावे?
– एक वाचक, अचलपूर

उत्तर : यंत्र (ऑक्सिमीटर) न्या. कोरोनात रक्तातला प्राणवायू ९४ टक्क्यांच्या खाली गेला की धावपळ व्हायची, ती सवय इथेच ठेवा. लेहमध्ये पहिल्या दिवशी ८५ ते ९० दिसणे नवलाचे नाही. थंड बोट, नेलपॉलिश याने आकडा चुकतो. हात चोळून गरम करून मोजा. डब्यातला वायू काही मिनिटांत संपतो. कापराने नाक मोकळे वाटते, रक्तातला प्राणवायू वाढत नाही.

प्रश्न : डोके दुखले म्हणजे लगेच खाली यायचे का?
– तेच वाचक

उत्तर : नाही. पोहोचल्यावर सहा ते बारा तासांत डोकेदुखी, मळमळ, भूक मरणे हे अनेकांना होते. पॅरासिटामॉल, आराम, आणि त्रास जाईपर्यंत आणखी वर न जाणे, एवढे पुरते. धोका वेगळा असतो. बसल्या जागी धाप, सतत खोकला, ओठ निळे पडणे म्हणजे फुप्फुसात पाणी. हे बहुधा दुसऱ्या रात्री किंवा त्यानंतर सुरू होते. फरशीच्या रेषेवर पुढच्या पायाची टाच मागच्या पायाच्या अंगठ्याला लावत चालायला सांगा. तोल गेला किंवा बोलणे बरळल्यासारखे झाले तर मेंदूला सूज. सकाळची वाट पाहू नका, त्याच रात्री दवाखान्यात न्या. लेहमध्ये सोनम नोरबू रुग्णालय आहे. पुढे उतरवायचे कसे, हेही तिथल्या डॉक्टरांनाच ठरवू द्या, कारण लेहहून मनालीकडे किंवा श्रीनगरकडे निघालेली गाडी खाली पोहोचण्याआधी ४,००० मीटरपेक्षा उंच घाट चढते.