वय २२, पाळी संपून आठ-दहा दिवस झाले की ओटीपोटात एकाच बाजूला दुखतं, कशामुळे असेल?

बहुतेक हे बीजकोशातून अंडं बाहेर पडतानाचं दुखणं असावं, ते पुढची पाळी यायच्या साधारण १४ दिवस आधी होतं, काही तासांत किंवा फार तर दोन दिवसांत थांबतं आणि कधी डावीकडे तर कधी उजवीकडे असतं. मी स्त्रीरोग ओपीडीत नर्स आहे, तुमच्या वयाच्या बऱ्याच मुली हीच तक्रार घेऊन येतात. अंड्याची पिशवी फुटते तेव्हा थोडं पाणी, कधी रक्त पोटात सांडतं आणि आतलं अस्तर चुरचुरतं, म्हणून दुखतं. गरम पाण्याच्या पिशवीने शेकलं तरी बरं वाटतं.

पण तपासल्याशिवाय नक्की सांगता येत नाही. लघवीला जळजळ असेल तर युरीन इन्फेक्शन, अंगावरून वास येणारं पांढरं जात असेल आणि ताप असेल तर गर्भाशयाकडचं इन्फेक्शन, दर पाळीला असह्य दुखत असेल तर एंडोमेट्रिओसिस, म्हणजे गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर गर्भाशयाबाहेर वाढणं, असू शकतं (हे "पाळीत दुखतंच" म्हणून घरचे वर्षानुवर्षं अंगावर काढायला लावतात, प्लीज तसं करू नका).

यातलं काही झालं तर त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा, रात्र असली तरी:
- बेंबीजवळ सुरू होऊन उजवीकडे खाली सरकलेलं दुखणं (अपेंडिक्स)
- अचानक जोरात कळ आणि उलट्या (बीजकोशाला पीळ)
- पाळी चुकली आहे आणि दुखतंय किंवा चक्कर येतेय (गर्भ गर्भाशयाऐवजी नळीत असू शकतो, लग्न झालेलं असो वा नसो डॉक्टरांना खरं सांगा)