गावात कंपनी नाही, मग प्रबंधाला विषय कुठून आणू?

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यातली, एमबीएच्या शेवटच्या वर्षाची मुलगी. तिचे तीन विषय परत आले होते: पुरवठा साखळीत ब्लॉकचेन, ई-कॉमर्सची गोदामं, हरित पुरवठा साखळी. शेरा एकच, "माहिती कुठून मिळवणार?" ती रडवेली झाली होती. "मॅडम, पुण्याच्या पोरींना कंपन्या आहेत. आमच्या गावात एसटीसुद्धा दोनदाच येते."

तिला विचारलं, घरचा कापूस कुठे जातो? जिनिंगला, म्हणजे कापसातली सरकी काढून रुई वेगळी करणाऱ्या कारखान्यात. गाडी रिकामी व्हायला किती वेळ लागतो? "रांग असली तर रात्र तिथंच." तिचा विषय या उत्तरातच होता: जिनिंगच्या फाटकावर कापसाच्या गाड्या किती थांबतात आणि का.

अख्खी साखळी प्रबंधात मावत नाही. तिचा एक सांधा घ्यायचा, जिथं स्वतः उभं राहून मोजता येईल. प्रत्येक गाडीच्या सहा वेळा टिपायच्या: फाटकात शिरली, कापूस पाहून भाव ठरला, भरलेल्या गाडीचा काटा, उतराई सुरू, रिकाम्या गाडीचा काटा, हिशेबपट्टी हातात. सोबत वजन आणि ओलाव्याचा आकडा. सीसीआयच्या (भारतीय कापूस महामंडळाच्या) हमीभाव खरेदीत 8 टक्के ओलावा प्रमाण धरतात आणि 12 च्या वर कापूस घेत नाहीत. दवात वेचलेला कापूस इथंच अडतो, म्हणून वेचणीची वेळही विचारायची.

साठेक गाड्या पुरतात, पण त्या एकाच दिवशीच्या नकोत. सुटीनंतरचा पहिला दिवस आणि भाव चढल्याचा दिवस त्यात हवाच, कारण रांग तेव्हाच लांबते. सरासरीसोबत मध्यक, म्हणजे सगळ्या वेळा चढत्या क्रमानं लावल्यावर मधोमध येणारी वेळ, द्यायचा. ट्रॅक्टर बिघडून रात्रभर अडकलेली एक गाडी सरासरी पार बिघडवते.

"तुम्ही समाधानी आहात का?" अशी प्रश्नावली मी तिला काढून टाकायला लावली. व्यापाऱ्याच्या आवारात उभा असलेला शेतकरी होच म्हणणार. घड्याळ असा संकोच करत नाही.

थांबण्याची किंमतही मांडता येते. एका क्विंटल कापसातून साधारण 33 ते 35 किलो रुई निघते आणि गाठ 170 किलोची, म्हणजे गाठीला जवळपास पाच क्विंटल कापूस लागतो. रांगेतल्या गाड्यांमधल्या कापसाचं क्विंटलमधलं वजन पाचने भागलं की किती गाठींचा माल बाहेर अडकलाय ते दिसतं.

खरा घोटाळा वेळापत्रकात होतो. आराखडा जानेवारीत मंजूर होतो, मुलं एप्रिलमध्ये जिनिंगवर जातात, तेव्हा आवार रिकामं असतं. तिला मंजुरीची वाट न पाहता दिवाळीनंतर लगेच मालकाला भेटायला सांगितलं. महाविद्यालयाचं पत्र न्यायचं, नाव छापणार नाही हे लिहून द्यायचं आणि भाव किंवा नफ्याबद्दल चकार शब्द काढायचा नाही. वेळ मोजायला सहसा कोणी नाही म्हणत नाही. खातेवही मागितली की फाटक बंद होतं.

पहिल्या दिवशी तिनं सात गाड्या टिपल्या. पट्टीचा रकाना सातही ओळींत कोराच राहिला, कारण शेवटची एसटी साडेपाचला होती. दुसऱ्या दिवसापासून काट्यावरच्या पोराकडे तेवढा एक रकाना सोपवला.